विजेवर चालणाऱ्या फळ्या व कारखानदाराचें उत्तरदायित्व

लहान चाकांवर बसविलेल्या फळीवर उभें राहावयाचें आणि एका पायानें जमीन मागें रेटीत पुढें जावयाचें, हा स्केटबोर्डाचा खेळ अमेरिकेंतील मुलांत फार दिवसांपासून रूढ आहे. अलीकडील दहाबारा वर्षांत या फळीस बॅटरी व मोटर जोडून ती विजेवर पळविण्याचा प्रघात वाढला. पायानें रेटलेली फळी मूल थकलें म्हणजे थांबे. विजेची फळी मोठ्या माणसासही तासास तीस किलोमीटरांच्या वेगानें सहज वाहून नेते. खेळणें होतें तें वाहन झालें. मोटारगाडीभोंवतीं कायद्याचें व परवान्यांचें जें कुंपण शंभर वर्षांत उभें राहिलें, तें मात्र या नव्या वाहनाभोंवतीं अद्याप पुरतें बांधलेलें नाहीं. तेव्हां अशी फळी सदोष निघाली तर त्याचा भार घेणारानें वाहावा कीं करणारानें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

प्रथम दोष कोठें उद्भवतो तें पाहूं. चार चाकांच्या विजेच्या फळीस बहुधा सायकलीसारखा ब्रेक नसतो. हातांतील लहान यंत्राची कळ मागें घेतली म्हणजे मोटरच जनित्राचें काम करूं लागते, चाकांची गति वीज होऊन बॅटरींत परत जाते व फळी मंदावते. युक्ति सुंदर आहे. पण बॅटरी आधींच कांठोकांठ भरलेली असेल तर ती वीज जाणार कोठें? ज्याचें घर टेकडीवर आहे असा मुलगा रात्रभर बॅटरी भरून सकाळीं उतारावर निघाला, कीं ज्या क्षणीं ब्रेकची गरज सर्वांत अधिक, त्याच क्षणीं तो दुबळा पडण्याचा संभव असतो. बॅटरीच्या रक्षणाची योजना प्रवाह तोडून बॅटरीस वांचविते आणि वरच्या माणसास उतारावर मोकळें सोडते. आगीचें भय तें वेगळेंच. याच कुळांतील, दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या ‘हॉव्हरबोर्ड’ नांवाच्या फळ्यांच्या बॅटऱ्या पेट घेऊं लागल्या, तेव्हां जुलै २०१६ मध्यें अमेरिकेंत दहा व्यापाऱ्यांच्या मिळून सुमारें ५,०१,००० फळ्या एकदम परत मागविण्यांत आल्या.

परंतु सर्वांत बोधप्रद प्रकरण एकचाकी फळीचें आहे. कॅलिफोर्नियांतील फ्यूचर मोशन या कंपनीनें २०१४ सालीं ‘वनव्हील’ नांवाची फळी बाजारांत आणली. हिच्या मधोमध एकच रुंद चाक असून चालविणारा त्याच्या पुढें-मागें पाय ठेवून उभा राहतो. तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ विद्यार्थ्यांनीं केलेला असेलच. काठी पुढें कलली कीं हात पुढें न्यावा लागतो. अधिक कलली तर अधिक वेगानें. या फळींत काठीच्या जागीं माणूस व हाताच्या जागीं मोटर आहे. माणूस पुढें झुकला कीं फळींतील सूक्ष्म यंत्रें तो कल ओळखतात आणि मोटर चाकास पुढें धांववून त्यास सांवरते. आतां मोटरचा स्वभाव असा, कीं तिची गति वाढत जाते तसतसें तिच्या अंगीं उरणारें जादा बळ कमी होत जातें. एक मर्यादा अशी येते कीं माणूस आणखी झुकतो, पण त्यास सांवरण्यास मोटरजवळ कांहीं उरत नाहीं. मग फळीचें नाक जमिनीस टेकतें व माणूस पुढें फेंकला जातो. चार चाकांच्या फळीची मोटर बंद पडली तर ती निदान घरंगळत राहते. एका चाकास ती सवलत नाहीं.

ही मर्यादा जवळ आली म्हणजे फळी आपलें नाक वर उचलून इशारा देत असे. तो पुष्कळांस कळत नसे, किंवा कळूनही उपयोग होत नसे. अमेरिकेच्या ग्राहकवस्तु सुरक्षितता आयोगानें १६ नोव्हेंबर २०२२ रोजीं लोकांस स्पष्ट सांगितलें, कीं ही फळी वापरणें ताबडतोब थांबवा. २०१९ ते २०२१ या काळांत चार मृत्यु नोंदले गेले होते. कंपनीनें हा इशारा अन्यायाचा व विनाकारण भय उत्पन्न करणारा ठरविला आणि फळ्या परत मागविण्यास नकार दिला.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. माणूस मर्यादेपलीकडे गेला तर यंत्राचा दोष काय, असें कोणी म्हणेल. आणि मृतांपैकीं निदान तिघांनीं शिरस्त्राण घातलेलें नव्हतें, हेंही खरें. तरी मला हें म्हणणें पटत नाहीं. वेगाची मर्यादा आंकड्यानें सांगतां येते. ही मर्यादा माणसाच्या वजनाप्रमाणें, रस्त्याच्या चढाप्रमाणें व बॅटरींत उरलेल्या विजेप्रमाणें क्षणोक्षणीं बदलते. ती पायाखालच्या यंत्रास कळते, वर उभ्या असलेल्या माणसास दिसत नाहीं. जें ज्ञान केवळ करणाराजवळ आहे, तें घेणाराजवळ असल्याचें गृहीत धरून त्यास दोष देणें कोणत्या न्यायांत बसतें?

न्यायालयांनीं हा मुद्दा फार पूर्वींच ओळखला. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या श्रेष्ठ न्यायालयापुढें मॅक्फर्सन नांवाच्या गृहस्थाचा खटला आला. त्याच्या ब्यूइक मोटारीच्या चाकाचे लांकडी आरे निकृष्ट निघून चाक मोडलें व तो जखमी झाला. गाडी त्यानें दलालाकडून घेतली होती, आमच्याकडून नव्हे, असें कंपनी म्हणाली. चाक तर तिसऱ्याच कारखान्याचें होतें. न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं ही सबब मानली नाहीं. पुढें १९६३ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें याहून मोठें पाऊल टाकलें. पत्नीनें भेट दिलेल्या सुतारकामाच्या यंत्रांतून लांकूड उडून ग्रीनमन यांच्या कपाळावर आदळलें होतें. कारखानदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाहीं, वस्तु सदोष होती व त्या दोषानें इजा झाली एवढें पुरे, असें न्यायमूर्ति ट्रेनर यांनीं ठरविलें.

आपल्याकडील २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा याच वाटेनें गेला आहे. बनावटींतील दोष, आराखड्यांतील दोष आणि पुरेशा सूचना वा इशारे न देणें, या तिन्हींबद्दल त्यांत कारखानदारास जबाबदार धरलें आहे. परदेशी कारखानदार आपल्या कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर विकणारावर जबाबदारी येते. विजेच्या फळ्या मागविणाऱ्या दुकानदारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

अखेर २९ सप्टेंबर २०२३ रोजीं कंपनीनें सुमारें ३,००,००० फळ्यांबाबत परत मागविण्याची घोषणा केली. अर्थात् बहुतेक फळ्या कोठें पाठवाव्या लागल्या नाहींत. फळीच्या आंतील आज्ञावली बदलली, आणि मर्यादा जवळ येतांच फळी थरथरून गुरगुरूं लागेल अशी सोय झाली. एवढ्यासाठीं पहिल्या इशाऱ्यानंतर दहा महिन्यांहून अधिक काळ जावा लागला. अगदीं जुन्या दोन नमुन्यांत हा बदल करतां येईना. त्यांच्या मालकांनीं फळी निकामी करून टाकल्यास नवी घेतांना १०० डॉलरांची सूट मिळेल, असें कंपनीनें कळविलें. या फळ्यांची किंमत हजार डॉलरांहून अधिक होती.