भुईकोट बंद, रेडिओ चालू!

नगरचा भुईकोट किल्ला पाहिलाय ना? 1942 च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना इथंच डांबलं होतं. नेते आत, पेपरांवर सेन्सॉर. मग बाहेर 'चले जाव'चं काय चाललंय, हे लोकांना सांगणार कोण?

सांगितलं आपल्याच वयाच्या एका मुलीनं! उषा मेहता तेव्हा 22 वर्षांच्या होत्या. युद्धामुळे सरकारनं हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते. त्यांच्यातल्याच नरिमन प्रिंटर यांनी मुंबईत सुटे भाग जोडून ट्रान्समीटर उभा केला. 27 ऑगस्टला 42.34 मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' सुरू झाला. चिमूर-आष्टीत काय घडलं, तेही या रेडिओनं सांगितलं.

ट्रान्समीटरचं तत्त्व तसं सोपं आहे. सर्किट एक ठरावीक लहर तयार करतं, माइकमधला आवाज त्या लहरीवर चढतो आणि अँटेनातून बाहेर पडतो. अवघड असतं ते लपणं. दोन ठिकाणांहून सिग्नलची दिशा मोजली, की दोन्ही रेषा जिथं छेदतात तिथं तुम्ही सापडता! म्हणून उषाताई आणि मित्रमंडळी सतत जागा बदलत राहिली. शेवटी घात यंत्रानं नाही, माणसानं केला. पकडले गेलेल्या प्रिंटर यांनीच पोलिसांना जागा दाखवली. 12 नोव्हेंबरला रेडिओ बंद पडला आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

हे वाचून 'हॉस्टेलवर आपणही करू' असं डोक्यात आलं असेल, तर जरा थांबा. विनापरवाना प्रसारण आजही गुन्हाच आहे. शिवाय एफएमच्या अगदी वरचा पट्टा विमानांचा असतो. घरगुती सर्किट भरकटलं, तर थेट पायलटच्या कानात!

सरळ रस्ते दोन आहेत. परीक्षा देऊन हॅम परवाना काढा; मग स्वतः बनवलेल्या सेटवरून जगाशी बोला. काँग्रेस रेडिओचे 42.34 मीटर आज हॅमच्याच पट्ट्यात येतात. मात्र हॅमवर बातम्या देता येत नाहीत. दुसरा रस्ता आहे, कम्युनिटी रेडिओचा; पण स्वतःच्या बातम्या तिथंही देता येत नाहीत. 100 वॉटचा ट्रान्समीटर आणि दहा-बारा किलोमीटरचा टप्पा. कॉलेजलाही परवाना मिळू शकतो. नगरमध्ये स्नेहालयाचं 'रेडिओ नगर 90.4' आहेच.

आता एकच सांगा. माइक हातात आला, तर कुणीच न छापलेली नगरची कोणती गोष्ट तुम्ही सांगाल?