गाईड डॉगला ‘नो एंट्री’ म्हणता येते का? कायदा काय सांगतो, दाद कुठे मागायची?

अंध प्रवासी प्रशिक्षित कुत्र्यासोबत आला, तर त्याला विमानात, एसटीत किंवा हॉटेलात अडवता येते का? गोंदिया जिल्ह्यात असा कुत्रा क्वचितच दिसेल. त्यामुळे गेटवर ‘कुत्रा चालणार नाही’ असे ऐकावे लागले तर पुढे काय करायचे, हे प्रवाशालाही माहीत नसते आणि कर्मचाऱ्यालाही. समजून घेऊया.

गाईड डॉग म्हणजे नेमके काय?

हा हौसेने पाळलेला कुत्रा नसतो. पायरी, खड्डा किंवा अडथळा आला की थांबायचे, वळसा घालून न्यायचे, याचे शिक्षण त्याला दिलेले असते. त्याच्या अंगावरच्या पट्ट्याचा दांडा धरून अंध व्यक्ती चालते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे अशा प्रशिक्षणाची शाळा सुरू झाली.

विमानात परवानगी आहे का?

हो, आणि इथे नियम सर्वांत स्पष्ट आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमानुसार दिव्यांग प्रवाशासोबत गाईड डॉगला केबिनमध्ये नेता येते. त्यासाठी विमान कंपनीला आधी तसे कळवावे लागते. बिरसी विमानतळावरून उडणाऱ्या प्रवासी विमानालाही हाच नियम लागू आहे.

एसटी, रेल्वे, हॉटेलचे काय?

इथे अडचण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये गाईड डॉगचा नावाने उल्लेखच नाही. एसटीत आणि रेल्वेत अंध प्रवाशाच्या मदतनीसाला तिकिटात सवलत मिळते, पण तिथे मदतनीस म्हणजे माणूस.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याखाली दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? ब्रिटनमध्ये टॅक्सीचालकाने असा कुत्रा नाकारला तर तो गुन्हा ठरतो. आपल्याकडे इतकी स्पष्ट तरतूद नाही.

मग हक्कच नाही का?

आहे. याच कायद्यानुसार ‘वाजवी सोय’ नाकारणे हादेखील भेदभाव आहे. म्हणजे दुसऱ्यावर अवाजवी बोजा न पडता करता येईल असा बदल दिव्यांग व्यक्तीसाठी करायला हवा. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात चालण्या-फिरण्यासाठी ‘सजीव साहाय्या’चा उल्लेख आहे. या दोन गोष्टींच्या आधारे गाईड डॉगसाठी दाद मागता येते.

पांढऱ्या काठीच्या बाबतीत कायदा अधिक थेट आहे. दिव्यांगाच्या साहाय्यक साधनाचे मुद्दाम नुकसान करणे, त्याच्या वापरात अडथळा आणणे किंवा त्याचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे, हा कलम ९२ खाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याच्या प्रकरणात न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राला बजावले की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी असून चालणार नाहीत. किमान मानके बंधनकारक करा, असा आदेश देत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. या मानकांत गाईड डॉगचा स्पष्ट उल्लेख झाला, तर गेटवरचा वाद तिथेच मिटेल.

तक्रार कुठे करायची?

• एसटी, राज्य सरकारी कार्यालये: राज्य दिव्यांग आयुक्त, पुणे.
• रेल्वे, विमानसेवा: मुख्य दिव्यांग आयुक्त, नवी दिल्ली.
• अपमान, धमकी, काठी हिसकावणे: जवळचे पोलीस ठाणे. कलम ९२ चा उल्लेख लेखी तक्रारीत जरूर करा.

राज्य आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवावे लागते.

हे लक्षात ठेवा

नकार मिळाला तर कारण लेखी मागा. तारीख, वेळ, ठिकाण आणि कर्मचाऱ्याचे पद नोंदवा, तिकीट जपून ठेवा. तिकिटाशिवाय आणि लेखी कारणाशिवाय तक्रार लंगडी पडते. आणि तुम्ही रांगेत मागे उभे असाल तर काम करत असलेल्या गाईड डॉगला हाक मारू नका, खाऊ घालू नका. त्याचे लक्ष विचलित झाले तर ठेच त्याच्या मालकाला लागते.