रक्तातला बहुरूपी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोळा नुकताच झाला होता. बार्शिटाकळीकडचे एक गृहस्थ आपल्या कुत्र्याला घेऊन माझ्या अकोल्याच्या दवाखान्यात आले. शेळ्या राखणारं गावठी कुत्रं, नाव मोत्या. "डाक्तर, याच्या डोयात फूल पडलं जी," ते म्हणाले. दोन्ही डोळ्यांवर निळसर पांढरी साय आली होती. अंगात थोडा ताप, मागच्या पायांवर सूज, आणि कानांत गोचीडच गोचीड. आपल्या वऱ्हाडात ताप आणि गोचीड एकत्र दिसले की पशुवैद्यकाचं मन आधी गोचीड-तापाकडे जातं. माझंही गेलं. रक्ताची काचपट्टी पाहिली, तीत काही दिसलं नाही. गोचीड-तापाचं औषध आणि डोळ्यांचे थेंब देऊन मी त्यांना परत पाठवलं.

चूक माझीच होती. चार दिवसांनी मोत्या पुन्हा आला, तो मालकाच्या खांद्यावरून. या वेळी ताप चांगला भरलेला होता. रक्ताचा थेंब न वाळवता तसाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तांबड्या पेशींच्या गर्दीत बारीक गांडुळासारखं काहीतरी वळवळत होतं, पेशींना ढुशा देत होतं. हा सर्रा. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने १८८० साली डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हाच परजीवी पाहिला, म्हणून त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात. गोमाशी एका जनावराचं रक्त पिता पिता उठून दुसऱ्याला चावते आणि तो पसरतो. कुत्र्याला तो बाधित जनावराचं ताजं मांस खाऊनही होतो.

मग पहिल्या दिवशी तो दिसला का नाही? इथेच खरी गंमत आहे. या परजीवीच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. त्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू शेजारी शेजारी उभे. कुत्र्याचं शरीर हा अंगरखा ओळखतं, त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि परजीवी पटापट मरतात. ताप उतरतो, रक्त स्वच्छ दिसतं. पण तेवढ्यात काहींनी वेश बदललेला असतो. आपल्याकडे बहुरूपी यायचा, सकाळी फौजदार तर संध्याकाळी साधू, तसंच. परजीवीच्या पेटीत असे शेकडो अंगरखे असतात. नव्या वेशाला जुनी प्रतिपिंडं ओळखत नाहीत, परजीवी वाढतात, पुन्हा ताप. मी मोत्याचं रक्त दोन लाटांच्या मधल्या ओहोटीत पाहिलं होतं. सर्रावर लस का नाही, असं पशुपालक मला नेहमी विचारतात. लस कोणत्या वेशाविरुद्ध करायची, हीच अडचण आहे.

या परजीवीचा एक चुलतभाऊ आहे, लिशमानिया. बिहारमधला काळा आजार त्याचाच. तिथे तो वालुमाशीमार्फत माणसाकडून माणसाकडे जातो. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत आणि ब्राझीलमध्ये मात्र त्याच्या एका जातीचं मुख्य बिऱ्हाड कुत्र्यात असतं. चार्ल्स निकोल यांना ट्यूनिसमध्ये तो कुत्र्यात सापडला, १९०८ साली. हा चुलतभाऊ वेश बदलत बसत नाही. जंतू गिळून मारणाऱ्या भक्षक पेशींच्या पोटातच तो मुक्काम ठोकतो. चोराने पोलीस चौकीतच राहायला जावं, तसं! प्रतिपिंडं रक्तात फिरत राहतात, पेशीच्या आत त्यांचा हात पोचत नाही.

म्हणून तिथल्या बाधित कुत्र्यांचे दोन प्रकार दिसतात. काहींच्या लसिका पेशी भक्षक पेशींना जागं करतात, आतल्या आत परजीवी मारला जातो, आणि कुत्रं वर्षानुवर्षं ठणठणीत राहतं. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं थोडीच असतात. दुसऱ्या प्रकारची कुत्री प्रतिपिंडांचा नुसता पूर आणतात आणि तीच आजारी पडतात. कातडीचे पापुद्रे निघतात, नखं वाढतात, अंग झडतं. परजीवीची प्रथिनं आणि प्रतिपिंडं यांचे गठ्ठे मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. अशी बरीच कुत्री शेवटी मूत्रपिंड निकामी होऊन दगावतात. प्रतिपिंडं जास्त म्हणजे संरक्षण जास्त हा आपला समज इथे उलटा पडतो. म्हणून लस करणाऱ्यांना परजीवीची प्रथिनं फार निवडून घ्यावी लागतात. युरोपात २०१६ साली मंजूर झालेली एक लस चार प्रथिनांचे पाच तुकडे जोडून बनवलेली आहे.

निदानाचीही तीच गत. काळ्या आजारासाठी आपल्या देशात वापरतात ती पट्टी के-३९ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. एकोणचाळीस अमिनो आम्लांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा, असं ते प्रथिन. चाचणी उत्तम आहे, पण आजार बरा झाल्यावरही प्रतिपिंडं दीर्घकाळ राहतात. पट्टीवर रेघ उमटली म्हणजे परजीवी येऊन गेला एवढंच नक्की. तो आज आहे का, हे रुग्णाला विचारून, तपासून ठरवावं लागतं.

मोत्याच्या मालकाला यातलं काही नको होतं. त्यांनी एकच विचारलं, "आमचा नातू याच्याजवळच निजते. त्याले तं नाही ना होनार?"

माणसाच्या रक्तात एपोएल-१ नावाचं एक प्रथिन असतं. सर्राचा परजीवी ते आपणहून खाद्य म्हणून गिळतो, आणि ते त्याच्या पोटात भोकं पाडून त्याला मारतं. कुत्र्याकडे, बैलाकडे हे प्रथिन नाही. तरी २००४ साली आपल्या विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी सापडला. त्याला पाच महिने ताप येत-जात होता. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. पुढे ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी त्याचं रक्त तपासलं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही जनुकांत बिघाड होता, त्यामुळे एपोएल-१ त्याच्या रक्तात नव्हतंच. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. एका शेतकऱ्याच्या तापाने आपण सगळे कशामुळे वाचतो ते जगाला दाखवलं.

मी त्यांना म्हटलं, नातवाला भीती जवळजवळ नाही. पण हाताला जखम असेल तर मेलेलं जनावर सोलायला बसू नका, आणि ताप येत-जात राहिला तर डॉक्टरांना घरच्या कुत्र्याबद्दल सांगा.

मोत्याला डिमिनाझीनचं इंजेक्शन दिलं. हे औषध मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, तिथे दडलेले परजीवी पुन्हा रक्तात उतरू शकतात, म्हणून दर पंधरवड्याला त्याला आणायला सांगितलं. दिवाळीपर्यंत ते न चुकता आले, एस.टी.त कुत्रं घेत नाहीत म्हणून कुणाच्या तरी मोटारसायकलवर. उजव्या डोळ्यातलं फूल विरलं. डाव्यातलं राहिलं. त्या बाजूने शेळी पांगली की आता नातू हाक मारतो.