दाबाचा आकडा वाचताना आधी एकक पाहा

गोंदिया जिल्ह्यात धानासोबत भाजीपाला, ठिबक आणि पॉवर स्प्रेअर आले, तसे शेतात दाबाची वेगवेगळी एककेही आली. पंपाच्या पाटीवर ‘हेड’ मीटरमध्ये असते. फिल्टरवरील गेज किलोमध्ये असतो, नोझलच्या माहितीपत्रकात बार लिहिलेले असते, तर ट्रॅक्टरच्या टायरची हवा पीएसआयमध्ये मोजतात. ही सर्व एकके दाबाचीच आहेत. मात्र एका एककातील आकडा दुसऱ्या एककाचा समजला, तर पाणी आणि औषध दोन्हींचे प्रमाण चुकते.

एककांचे रूपांतर

गेजवर ज्याला आपण ‘१ किलो’ म्हणतो, तो १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो.

- १ किलो प्रति चौ. सेंमी = ९८ किलोपास्कल = ०.९८ बार = १४.२ पीएसआय = १० मीटर पाण्याचा स्तंभ
- १ बार = १०० किलोपास्कल = १.०२ किलो = १४.५ पीएसआय = १०.२ मीटर
- १ पीएसआय = ६.९ किलोपास्कल = ०.०७ किलो = ०.७ मीटर
- १ मीटर पाणी = ९.८ किलोपास्कल = ०.१ किलो = १.४२ पीएसआय

शेतातील कामासाठी किलो आणि बार जवळपास सारखेच धरता येतात. पीएसआय मात्र तसे धरता येत नाही. पीएसआयचे किलो करण्यासाठी १४.२ ने भागावे, १० ने नव्हे.

ठिबक संच

साध्या ड्रिपरचा ताशी प्रवाह सहसा १ किलो दाबाला दिलेला असतो. दाब कमी झाला की प्रवाह साधारण दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १० पीएसआय म्हणजे १ किलो असे समजून संच चालवला, तर प्रत्यक्ष दाब ०.७ किलोच असतो. अशा वेळी ताशी ४ लिटरचा ड्रिपर सुमारे ३.३५ लिटरच पाणी देतो. दोन तासांत प्रत्येक ड्रिपरमागे १.३ लिटर पाणी कमी पडते. दाब-नियंत्रित ड्रिपरला हा हिशेब लागू होत नाही. त्याच्या माहितीपत्रकातील दाबाची मर्यादा पाहावी.

तलाव किंवा बोडीच्या पाण्यात शेवाळ असते. त्यामुळे फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब रोज पाहावा. दोन्ही गेज एकाच एककात वाचावेत. फरक ०.५ किलो, म्हणजे सुमारे ७ पीएसआयपर्यंत जाण्याआधीच फिल्टर धुवावा.

टाकीवर ठिबक चालवायचे असल्यास टाकीची उंची पाहावी. जमिनीपासून ३ मीटर उंच पाण्याचा दाब फक्त ०.३ किलो मिळतो. पाइपमधील घर्षणाने तो आणखी कमी होतो.

फवारणी

नोझलसाठी २ बार दाब सांगितला असेल, तर गेजवर २९ पीएसआय हवे. ५८ पीएसआयवर, म्हणजे दुप्पट दाबावर फवारल्यास प्रवाह सुमारे १.४ पट होतो. थेंबही बारीक होतात आणि वाऱ्याने शेजारच्या बांधीत जातात. तणनाशक फवारताना हे विशेष धोक्याचे आहे.

धानात टेन्शियोमीटर

टेन्शियोमीटर जमिनीतील पाण्याचा ताण दाखवतो. त्यावरील १ सेंटिबार म्हणजे १ किलोपास्कल, म्हणजेच सुमारे १० सेंमी पाण्याचा ताण. पंजाब कृषी विद्यापीठाने धानाच्या पाण्यासाठी सुमारे १५० सेंमी ताणाची खूण सांगितली आहे. ती साधारण १५ किलोपास्कल होते. ती तिकडच्या जमिनीसाठी आहे. आपल्या बांधीसाठी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

छिद्रे पाडलेल्या नळीतील पाणी बांधीच्या पृष्ठभागाखाली १५ सेंमी गेल्यावर पाणी देण्याची पद्धत वेगळी आहे. नळीत पाण्याची खोली मोजतात, तर टेन्शियोमीटरवर ताण. १५ सेंमी आणि १५ किलोपास्कल यांची गल्लत करू नये.

विहिरीवरील पंप आणि हवेचा दाब

शेतातील गेजचा शून्य म्हणजे बाहेरील हवेइतका दाब. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ७६० मिमी किंवा पाण्याचे १०.३ मीटर असतो. गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच असल्याने येथे तो साधारण १० मीटर पाण्याइतका भरतो. म्हणून वर बसवलेला सेंट्रिफ्युगल पंप कितीही अश्वशक्तीचा असला, तरी त्याहून खोलचे पाणी ओढू शकत नाही. व्यवहारात ही ओढ ६ ते ७ मीटरच धरावी. पाणी त्याखाली गेल्यास पंप खाली बसवावा किंवा पाणबुडी पंप वापरावा.

नोंद कशी ठेवावी

कृषी सहायकांनी प्रात्यक्षिकाच्या नोंदीत आकड्यासोबत एकक लिहावे आणि शेवटी सर्व आकडे किलोपास्कलमध्ये आणावेत. शेतकऱ्यांनी वरील चार ओळी कागदावर लिहून पंपघरात चिकटवाव्यात.