अरुंद प्रवाहांतील शिस्त

वैनगंगेच्या मध्यभागीं पाण्यास ओढ अधिक असते व कांठालगत तें मंदावतें, हें आपण मोहाडीकडील लोक नित्य पाहतों. वेगांतील हाच फरक आज रक्तांतील पेशी निवडण्याच्या कामीं आला आहे.

१९६१ सालीं सेग्रे व सिल्बरबर्ग या शास्त्रज्ञांनीं बारीक मणी मिसळलेला द्रव नळींतून वाहविला. मणी सर्वत्र पसरून न राहतां, मध्यापासून त्रिज्येच्या सुमारें ०.६ अंतरावर कड्याप्रमाणें जमले. कारण असें कीं, वेगाच्या बदलत्या प्रमाणामुळें कण मध्याकडून भिंतीकडे लोटला जातो. भिंत जवळ येतांच तेथील प्रवाह त्यास परत सारतो. द्रवाच्या जडत्वांतून उपजणाऱ्या या दोन प्रेरणा जेथें समतोल होतात, तीच कणाची वाट ठरते.

२००७ सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं केसाइतक्या बारीक पन्हळींतून हेंच साधलें. पन्हळ वळणाची केल्यास आडवे भोवरेहि उठतात, आणि लहानमोठे कण निरनिराळ्या रांगांनीं चालूं लागतात. तांबडी पेशी सुमारें ८ मायक्रॉन रुंद. कर्करोगाची पेशी बहुधा तिच्याहून मोठी. म्हणून अब्जावधि पेशींतून ती चाळणीवांचून निवडतां येते. मात्र दाट रक्तांत पेशी एकमेकींस धक्के देतात, यास्तव तें आधीं पातळ करावें लागतें.

मुंबईस पवईच्या आयआयटींत प्रा. अमित अग्रवाल व त्यांचे सहकारी यांनीं सूक्ष्म पन्हळींतून रक्तद्रव वेगळा करण्याचा अभ्यास केला आहे. अशीं लहान उपकरणें पुढेंमागें गांवोगांवीं पोंचलीं, तर रक्ततपासणीसाठीं खेड्यांतील रोग्यास शहराची वाट धरावी लागणार नाहीं.