गुगल बेस : ज्याची त्याची खूणचिठ्ठी

नोव्हेंबर २००५ मध्ये गुगलने 'गुगल बेस' ही सेवा सर्वांसाठी खुली केली, तेव्हा हे नेमके काय आहे, असाच प्रश्न प्रथमदर्शनी पडत असे. शोधयंत्र म्हणावे तर ते नव्हते, आणि छोट्या जाहिरातींचे पान म्हणावे तर तेवढेही नव्हते. गुगलने दिलेली उदाहरणेच पाहा : विकायला काढलेली जुनी मोटार आणि प्रथिनांच्या रचनांचा माहितीसाठा, दोन्ही एकाच कोठारात! तोवर गुगल इतरांच्या संकेतस्थळांवरील माहिती धुंडाळून आणत असे. येथे मात्र स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्यालाही आपली माहिती थेट, आणि तीही विनामूल्य, या कोठारात ठेवता येत होती. छोट्या जाहिरातींवर पोसलेल्या वृत्तपत्रांना धास्ती वाटली ती यामुळेच.

नोंद करणे सोपे होते. घर, वाहन, नोकरी, पाककृती असा प्रकार निवडायचा. मनाजोगता प्रकार नसेल तर नवा निर्माण करायचा. मग 'लेबले', म्हणजेच टॅग. आपल्या नोंदीला आपणच चिकटवलेल्या या खूणचिठ्ठ्या. त्याखेरीज 'गुणधर्म' जोडता येत, आणि खरी गंमत तेथे होती. 'मोटार' ही चिठ्ठी लावली की नोंद मोटारींच्या घोळक्यात जाऊन बसते, इतकेच. पण 'किंमत', 'निर्मितीचे वर्ष' असे गुणधर्म भरले, की २००० नंतरच्या आणि ठरावीक किमतीखालच्या मोटारी तेवढ्या वेगळ्या काढता येतात.

गुणधर्मांची नावेही ज्याने त्याने ठरवावीत, ही मुभा मात्र दुधारी होती. ग्रंथालयात असे चालत नाही. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३३ च्या कोलन वर्गीकरणातही एकाच पुस्तकाची अनेक अंगांनी ओळख पटवता येते. पण ती अंगे नियमांनी बांधलेली. बेसमध्ये एकाने 'किंमत' लिहिले, दुसऱ्याने 'दर' आणि तिसऱ्याने 'मोबदला', तर यंत्राच्या लेखी ते तीन निरनिराळे रकाने. 'किंमत' पाहून घर शोधणाऱ्याच्या दृष्टीने इतर दोघांची घरे असून नसल्यासारखीच! रूढ गुणधर्म गुगल स्वतःहून सुचवीत असे, हे खरे. पण ते स्वीकारण्याची सक्ती नव्हती.

२०१० मध्ये बेसची जागा 'मर्चंट सेंटर'ने घेतली. तेथे दुकानदार आपल्या मालाच्या याद्या पाठवतात, आणि किमतीच्या रकान्याला काय म्हणायचे ते गुगल ठरवते.