पुढे आजोबा, मागे मोबाइल

रावेरहून पालच्या वाटेला लागलं की केळीचे मळे मागे पडतात आणि सातपुडा सुरू होतो. तडवी-पावरा वस्त्यांच्या या पट्ट्यात मुलांना विज्ञान शिकवायला गावाचंच एक काम हाताशी आहे : वनहक्क दाव्यासाठी शीव मोजणं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. ती वनहक्क समिती निवडते. हद्दीचा नकाशा करणं समितीकडे. ज्येष्ठांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, म्हणून शिवारफेरीत म्हातारी माणसं पुढे. कुठला नाला, कुठलं देवाचं ठिकाण, गुरं कुठवर जायची, हे त्यांनाच ठाऊक. मागे मोबाइल घेतलेली मुलं. प्रत्येक खुणेशी थांबून अक्षांश-रेखांश टिपायचे, खुणेचं नाव मात्र घरच्या बोलीत लिहायचं.

मोबाइलला जागा कळते कशी? सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळेची नोंद असलेले संदेश पाठवत असतात. लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं, तीन अंतरांवरून जागा ठरते. मोबाइलचं घड्याळ तितकं अचूक नसतं. ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं!

दाट पानांखाली संदेश क्षीण होतो, कड्यावर आपटून उशिरा पोचतो. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, तेव्हा मोजणी सोपी. मोकळ्यावरही पाचेक मीटरची चूक राहतेच. एक एकराच्या चौकोनी तुकड्याची एक बाजू पाच मीटर सरकली, तर सुमारे तीन गुंठे कमी-जास्त होतात. भूमिती अशी शिकलेलं पोर ती विसरत नाही, असं मला वाटतं.

म्हणूनच आश्रमशाळेच्या गणिताच्या गुरुजींनी या फेरीत यावं. पालला सातपुडा विकास मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, यावलला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. यंत्र आणि प्रशिक्षणासाठी ग्रामसभेनं त्यांच्याकडे हक्कानं जावं. खुणांची वही आणि नकाशा मात्र गावातच राहावेत.

उपग्रहचित्र किंवा तसं तंत्रज्ञान इतर पुराव्याला जोड देईल, त्याची जागा घेणार नाही, असं वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांतच आहे. त्यामुळे नकाशा ग्रामसभेत वाचताना एखाद्या आजीनं "नाला इथं वळत नाही" म्हटलं, तर मुलांनी तिला घेऊन पुन्हा त्या वळणावर जायचं आणि नव्यानं मोजायचं.